बोर्डावर न लिहिलेला खर्च

माझी इंजिनियरिंगची पदवी किती वर्षांत होणार हे विद्यापीठाच्या आधी, माझ्या आधी आणि बहुधा देवाच्याही आधी आमच्या घरमालकांनी जाहीर केलं होतं. तो आकडा ऐकून मी रागाने जेवण सोडलं. म्हणजे घरचं सोडलं; बाजारात जाऊन पाव-भाजी खात होतो. साधं उपोषण ज्याला धड करता आलं नाही, त्याच्याबद्दल घरमालकांचा अंदाज फारसा चुकीचा नसावा हे सुज्ञांनी इथेच ओळखावं.

डिचोलीत सगळे त्यांना भाटकार म्हणत. भाटकार म्हणजे माडापोफळींच्या बागांचा धनी. आमच्या भाटकारांच्या मालकीचे माड अंगणातच संपत होते आणि त्यातल्या एकाला नारळ धरत नव्हता. राहत्या घराला चिकटून दोन खोल्या होत्या, त्यातल्या एकीत ते जुन्या खुर्च्या ठेवत आणि दुसरीत आम्हाला. माझे बाबा मूळचे सावंतवाडीकडचे. पाळी गावच्या खाणीवर मातीचा टिपर चालवायला ते गोव्यात आले आणि भाटकारांच्या खोलीत राहिले. माती म्हणजे लोखंडाची खनिज माती. ती बाबांच्या कपड्यांतून, कानांतून आणि आईने कितीही आपटली तरी चादरींतून निघायची नाही. आमच्या घरातले सगळे टॉवेल मुळात पांढरे होते हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

भाटकार सडेफटिंग. अंगात बाराही महिने कोट, डोक्यावर काळी हॅट आणि पायांत रबरी चपला. पोर्तुगीज अमदानीत ते पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकले, पहिल्या काही नंबरांत पास झाले आणि महसूल कचेरीत चिकटले. पुढे गोवा मुक्त झाला, राज्य बदललं, आणि ज्या भाषेत त्यांनी सगळ्या परीक्षा दिल्या होत्या ती भाषा वाचणारं कचेरीत कोणी उरलं नाही. नव्या साहेबांनी त्यांना जुनी दप्तरं लावायला बसवलं आणि ते निवृत्त होईपर्यंत तिथेच बसले. आमच्या लहानपणी राजभाषा मराठी की कोकणी यावरून गावात सभा, मोर्चे, रस्त्यावर झाडं आडवी टाकणं असं सगळं चालू होतं. दोन्ही बाजूंचे लोक भाटकारांच्या बाल्कांवात येऊन बसत. बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची जागा, गावच्या सगळ्या चर्चा तिथेच व्हायच्या. तुम्ही कुठल्या बाजूचे असं विचारलं की भाटकार शांतपणे म्हणत, "हांव ज्या भाशेन पास जालों, ती भास आगबोटींत बसून गेली." मग दोन्ही बाजू चहा पिऊन जात. खुद्द भाटकार मात्र गुणाकार पोर्तुगीजमध्ये करत, भांडत कोकणीत आणि कोणाला उपदेश करायचा झाला तर मराठीवर येत. गोवा वेगळं राज्य झालं त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, की आता मुलांच्या सर्टिफिकिटांवर सरकारचं नाव कुठलं छापणार.

या अनुभवातूनच त्यांना ते वेड लागलं असावं. शिक्षण नेमकं कितीला पडतं, हे शोधून काढायचं वेड. त्या काळात गोव्यात इंजिनियरिंगचं सरकारी कॉलेज एकच. ज्यांचे मार्क त्यात बसत नसत त्यांच्यासाठी कोल्हापूर, बेळगाव, सांगली या बाजूंना नवी नवी खासगी कॉलेजं निघत होती. बारावीचा निकाल लागला की खाणीवरचे, बाजारातले, पेडण्याचे, वाळपईचे बाप हातात पेपरातली जाहिरात घेऊन भाटकारांकडे येत. यातलं स्वस्त कुठलं, हा प्रश्न. भाटकार जाहिरातीकडे बघतसुद्धा नसत.

"फी बोर्डार बरयल्ली आसता," ते म्हणत. "खर्च बोर्डार बरयना."

मग ते मुलाला जेवायला बसवत. हो, जेवायला. सल्ल्याची हीच त्यांची पहिली पायरी. ताटात भात, पातळ डाळ आणि दुधी. मासळी मुद्दाम नाही. मुलगा कसा जेवतो ते ते कोटाच्या खिशांत हात घालून बघत राहायचे. मुकाट्याने जेवला तर मुलगा स्वस्त. डाळीत बोट फिरवत बसला तर मेसचे पैसे भरून वर हॉटेलात खाणार, म्हणजे दुप्पट. मासळी कुठे आहे म्हणून स्वयंपाकघराकडे मान वळवली तर दर शनिवारी घरी पळून येणार, म्हणजे बसभाडं धरा. मोरजीचे एक गृहस्थ असाच मुलगा घेऊन आले होते. त्या पोराने दुधीकडे बघून डोळ्यांत पाणी आणलं. भाटकारांनी बापाला स्पष्ट सांगितलं, की समुद्र दिसणार नाही अशा गावी याला पाठवू नका. बापाने ऐकलं नाही, पहिल्या नंबरातलं म्हणून घाटावरच्या कॉलेजात घातला. दसऱ्याला पोरगा जो घरी आला तो परत गेलाच नाही. भरलेली फी तिकडेच राहिली. आता तो मोरजीला हॉटेल चालवतो आणि चांगलं चालवतो, पण त्या वर्षी त्याचे वडील भाटकारांना रस्त्यात भेटले की दुसऱ्या बाजूला जायचे.

माझी बारी आली तेव्हा मी वाढलेलं सगळं जेवलो. वर भात मागून घेतला. मला वाटलं, बाजी मारली. पण माझ्याबाबतीत भाटकारांकडे आणखी पुरावा होता. त्यांची झोपायची खोली आणि माझी अभ्यासाची जागा यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि मला मोठ्याने वाचायची सवय. बारावीचं संपूर्ण वर्ष त्यांनी माझा अभ्यास कानांनी तपासला होता. बाबांना त्यांनी सांगितलं, की हा मुलगा कष्टाळू आहे, एकच पान पुन्हा पुन्हा वाचतो, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी तीच चूक करतो. मी तिथेच उभा होतो. चूक कुठली ते विचारायची सोय नव्हती.

माझे मार्क किती पडले ते सांगत नाही. सरकारी कॉलेजच्या यादीशी त्यांचा काही संबंध आला नाही एवढं पुरे. बाबांनी थोडे पैसे साठवले होते. ते कशासाठी हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं: बाबांना स्वतःचा टिपर घ्यायचा होता. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी हाकली, आता एक आपली असावी, असंच सगळे धरून चालले होते. कुठे जुना टिपर विकायला निघाला की बाबा कामावरून येताना वाट वाकडी करून बघून येत. बाल्कांवात बसले असताना रस्त्याने गाडी गेली की बोलणं थांबवून तिच्या इंजिनचा आवाज ऐकत. स्वभावाने अबोल, पण टिपरचा विषय निघाला की दोन वाक्यं जास्त बोलायचे. आणि आता मी इंजिनियर व्हायचं म्हणत होतो. टिपर आणि इंजिनियर दोन्ही होण्यासारखं नव्हतं. एक काहीतरी होणार होतं, आणि ते ठरवायचं काम बाबांनी भाटकारांवर सोपवलं.

भाटकार म्हणाले, कॉलेजं बघून येऊ. बाबांना रजा नव्हती, म्हणून भाटकार आणि मी निघालो. त्यांनी हॅट घातली, कोट झटकला, आणि आम्ही पहाटेच्या गाडीने आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरच्या बाजूला गेलो. तिथल्या कॉलेजची फी जास्त होती. जागा म्हणाल तर चहूकडे ऊस आणि मध्ये एक मारुतीचं देऊळ. मी ऑफिसकडे वळलो, तशी त्यांनी माझी कॉलर धरली. ऑफिसात खरं कोण सांगणार, म्हणाले. ते मला फाटकाबाहेरच्या न्हाव्याच्या दुकानात घेऊन गेले.

मी नको नको म्हणत असताना मला केस कापायला बसवलं आणि भाटकारांनी न्हाव्याला त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला: इथली मुलं चार वर्षांचा कोर्स किती वर्षांत करतात? त्यांचं म्हणणं असं, की फी वर्षाची असते, पण मुलगा किती वर्षं राहणार हे कोणी सांगत नाही, आणि खरा खर्च तिथे लपलेला असतो. न्हाव्याने विचार करून सांगितलं, बरीचशी वेळेत जातात. इथं करण्यासारखं दुसरं काय हाय?

दुसऱ्या दिवशी आम्ही बेळगावच्या बाजूच्या कॉलेजात. इथे फी कमी, बोर्डावर रंगीत अक्षरांत लिहिलेली, आणि मला ते कॉलेज बघताक्षणी आवडलं. कारण समोरच थिएटर होतं. इथल्या न्हाव्याचं मूळ गाव कोल्हापूरकडचं. माझे केस आदल्याच दिवशी कापलेले, त्यामुळे भाटकारांनी स्वतःची दाढी पुढे केली. तो प्रश्न ऐकल्यावर न्हाव्याने वस्तरा शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाईकाकडे रोखला. म्हणाला, "ह्यो बघा. मिसरूड फुटत होतं तवा पहिल्यांदा माझ्याकडं बसला. आता टक्कल पडाय लागलंय. तिसऱ्या वर्षात हाय." गिऱ्हाईकानेही हसून मान डोलावली. भाटकारांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या विद्यार्थ्याच्या कटिंगचे पैसे दिले.

मेसमध्ये मात्र त्यांची पंचाईत झाली. कोट, हॅट आणि गंभीर चेहरा बघून मुलांना वाटलं, विद्यापीठाचा तपासनीस आला. मेसचालक धावत आला. आम्हाला पांढऱ्याशुभ्र भाताबरोबर दोन भाज्या, पापड, वर शिरा. मी आडवा हात मारला. भाटकार प्रत्येक घासाला चिडत गेले. हे जेवण खोटं आहे, यावर हिशेब करता येणार नाही, असं पुटपुटत हात धुवून उठले. मुक्काम वाढवला. संध्याकाळी कोट आणि हॅट लॉजवर ठेवून, नुसत्या सदऱ्यावर, आम्ही पुन्हा त्याच मेसमध्ये गेलो. या वेळी कोणी बघितलं नाही. डाळीत डाळ शोधावी लागली, पोळी ताटावर आपटली तर आवाज आला. भाटकारांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान. "आतां खरें कॉलेज मेळ्ळें," ते म्हणाले, आणि सगळं संपवून उठले.

माझी आणखी एक भानगड निघाली. मी वाढलो डिचोलीत, पण पहिलं बाळंतपण माहेरी या रीतीप्रमाणे जन्मलो सावंतवाडीजवळ आजोळी. गोव्याच्या लेखी मी बाहेरचा, कारण जन्म तिकडचा. घाटावरच्या कॉलेजांच्या लेखीही बाहेरचा, कारण शाळा गोव्यातली. दोन्हीकडे बाहेरच्या मुलांचा चढा दर. भाटकार म्हणाले, आई डिचोलीच्या सरकारी दवाखान्यात गेली असती तर फार स्वस्त पडलं असतं. हे त्यांनी घरी आल्यावर आईलाही ऐकवलं. आईने त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

परत आल्यावर भाटकार दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. भिंतीपलीकडून पोर्तुगीज पाढे ऐकू येत. एरवी मी वाचायचो आणि ते ऐकायचे, आता उलटं झालं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा कामावरून आले. नखशिखांत लाल. अंघोळही न करता बाल्कांवातल्या पायरीवर बसले, कारण वर बसले की बाक लाल व्हायचा. मी खांबाला टेकून उभा. आई दारात.

भाटकारांनी मांडणी केली ती आजही मला कुठल्याही प्राध्यापकाच्या लेक्चरपेक्षा जास्त आठवते. कमी फीचं कॉलेज महाग आहे, कारण तिथे मुलं रमतात. जास्त फीचं कॉलेज स्वस्त आहे, कारण तिथे मुलांना कंटाळा येतो आणि ती पास होऊन निघून जातात. म्हणून हुशार मुलाने, मध्यम मुलानेसुद्धा, उसातल्या कॉलेजात जावं. इथपर्यंत मला पटत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हो भुरगो पास जातलो, हातूंत म्हाका दुबाव ना," भाटकार म्हणाले. "पूण सात वर्सां लागतलीं. थिएटराच्या मुखार घालशी जाल्यार नव."

पास होण्याबद्दल शंका नाही, पण सात! चार वर्षांच्या कोर्सला. म्हणजे तेवढ्यात दुसऱ्याची दोन मुलं जवळजवळ इंजिनियर होऊन जातील. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. भाटकार बाबांना समजावत होते, आता कोकणी सोडून चक्क मराठीत, म्हणजे प्रकरण उपदेशाचं होतं. अहो ड्रायव्हर, कॉलेज महाग नाही, मुलगा महाग आहे. सात वर्षांच्या पैशांत टिपर येतो, डिझेल येतं आणि वर गावच्या घराची कौलं बदलून होतात. मुलाला दोन वर्षांच्या आयटीआयला घाला. टिपर घ्या. तुमचं एवढ्या वर्षांचं मनातलं होऊ द्या.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते गणितात माझ्यापेक्षा वेगळे नव्हते, आमच्यात ते रक्तातच आहे. पण हिशेबात ते शिरलेच नाहीत. त्यांनी विचारलं, "सात वर्सांनी होतलो मां पण?"

"जातलो," भाटकार म्हणाले. "तें हांव बरोवन दितां."

"मगे सात तर सात," बाबा म्हणाले, आणि अंघोळीला निघून गेले.

भाटकार बघतच राहिले. इतकी वर्षं लोक त्यांच्याकडे येत होते आणि स्वस्त काय ते विचारून जात होते. सर्वांत महाग काय ते सांगितल्यावर तेच घेऊन उठलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. धोक्याची पाटी म्हणून त्यांनी जे सांगितलं, ते बाबांनी हमी म्हणून घेतलं होतं. आणि मी? मुलाच्या वाट्याला एवढी मोठी गोष्ट आली, म्हणजे डोळ्यांत पाणी वगैरे यायला हवं. मला फक्त सात या आकड्याचा संताप आला होता. उपोषण सुरू झालं ते त्याच रात्री.

मी उसातल्या कॉलेजात दाखल झालो. मनात ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हतं, भाटकारांना खोटं पाडायचं होतं, बस. पहिल्याच वर्षी गणितात नापास झालो. पुढच्या खेपेला पुन्हा. एक वर्ष घरी बसून, म्हणजे त्याच भिंतीला टेकून, तेच पान मोठ्याने वाचत काढलं. पलीकडून भाटकार एखाद्या वेळी खोकत. चूक झाली की खोकत असणार, कारण एरवी त्यांना खोकला नव्हता.

दर वर्षी एकदा ते कॉलेजवर येत. न कळवता. कोट आणि हॅट लॉजवर ठेवून नुसत्या सदऱ्यावर मेसमध्ये येऊन जेवत आणि मी कुठे पोचलो ते विचारत. मी खाली मान घालून सांगितलं, की ते बोटांवर मोजून बघत आणि म्हणत, वेळेवर चाललंय. अख्ख्या गावात माझं नापास होणं वेळेवर चाललंय असं समजणारा हा एकच माणूस. नातेवाईक निदान वाईट वाटल्याचं दाखवायचे. माझे मित्र त्यांना माझे आजोबा समजत. पुढे पुढे मेसमधली मुलं त्यांच्याभोवती गोळा होऊ लागली आणि आपापली वर्षं विचारून घेऊ लागली. ज्यांना चार सांगितली ते त्यांना चहा पाजत, ज्यांना सहा सांगितली ते वाद घालत. ज्याच्याकडे नुसतं बघून त्यांनी मान हलवली, तो पुढच्या वर्षी खरंच कॉलेजात दिसला नाही. आता तो आमदाराचा पीए आहे.

सुट्टीत घरी गेलो की मला बाबांच्या डोळ्याला डोळा देता येत नसे. ते काही बोलत नसत, तेच जड जायचं. रस्त्याने टिपर गेला की ते अजूनही बोलणं थांबवून ऐकत. मला वाटे, तो गेला तो त्यांचा टिपर, आणि मी तो खाल्ला. टायरासकट खाल्ला. पहाटे ते दुसऱ्याच्या गाडीवर जायला निघाले की मी झोपेचं सोंग घेई. जाग असून उठलो तर काय बोलायचं, हा प्रश्न होता. चहा झाला का, एवढंच बोलता आलं असतं.

आणि मग, कसं कोणास ठाऊक, माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. गणित सुटलं. यंत्रांचे विषय तर बरेच बरे गेले. सहाव्या वर्षाच्या शेवटी मी इंजिनियर झालो. चार वर्षांचा कोर्स सहा वर्षांत करून छाती फुगवून गावात उतरलेला मी जगातला एकटाच असेन. स्टँडवरून पेढे घेतले आणि घरी जाण्याआधी थेट बाल्कांवात गेलो. पेढ्यांचा पुडा भाटकारांपुढे ठेवला. म्हटलं, सहा.

भाटकारांनी पेढा घेतला नाही. हॅट काढून बाकावर ठेवली. "हांव खंय चुकलों?" एवढंच म्हणाले. मी पास झाल्याचा आनंद त्यांना नव्हता असं नाही, पण आकडा चुकल्याचं दुःख मोठं होतं. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. बाबांनी सात वर्षांची तजवीज केली होती. सहा लागली. म्हणजे एका वर्षाचे पैसे शिल्लक. त्यात येत्या वर्षाची थोडी बचत घातली की जुना टिपर येतो. त्यांनी तिथल्या तिथे पोर्तुगीजमध्ये दोइश, त्रेश, क्वात्रु करत गणित मांडलं. मलाही एकदम हलकं वाटलं. म्हटलं, चला, टायर तरी परत करता आले.

बाबा कामावरून आले. मी पाया पडलो. त्यांनी लाल हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि पुसून काढल्यासारखा लगेच उचलला, केस खराब होतील म्हणून. पायरीवर बसले. आईने पेढा दिला तो अर्धा मोडून खाल्ला. भाटकारांना धीर कुठला? त्यांनी सगळं सांगून टाकलं: साखळी गावात एक टिपर विकायला आहे, आपण तिथल्या चहावाल्याला जाऊन विचारू, तो टिपर महिन्यातले किती दिवस बंद उभा असतो ते, आणि पटला तर घेऊन टाकू. आता तुमच्या मनातलं होऊ दे.

"नको, भाटकारानू," बाबा म्हणाले.

भाटकारांना वाटलं, पैशांची अडचण असेल. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून समजावलं. बाबा मध्ये बोलत नसत, त्या दिवशी बोलले.

"माका कित्याक होयो टिपर? जल्मभर चालवलंय, माका काय त्येचा कौतुक. ह्येका काय जमला नाय तर ह्येच्या पोटाक कायतरी असाचा, म्हणान घेवचो होतो. आता ह्येका जमला."

 आई दारातून आत गेली. तिला माहीत होतं की नव्हतं, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. भाटकार बाकावरून पुढे सरकले. सहा वर्षांपूर्वी हे सांगायला काय झालं होतं, अख्खा हिशेब वेगळा झाला असता, असं ते जवळजवळ रागानेच म्हणाले. टिपर एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला धरून त्यांनी तोललं होतं, आणि दोन्ही एकाच बाजूला होते.

"तुमी सगळ्यांका इचारलात," बाबा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, झालं ते सांगत होते. "न्हाव्याक इचारलात, मेसवाल्याक इचारलात. माका खय इचारलात?"

ते उठून अंघोळीला गेले. भाटकार माझ्याकडे बघायला लागले, निदान मला तरी हे ठाऊक असेल या आशेने. मी जन्मापासून त्या माणसाच्या घरात जेवत होतो, नुकताच इंजिनियर झालो होतो, आणि मला काहीच ठाऊक नव्हतं.